कमी उजेडाची झाडं

बळीरामजी हेडाऊंच्या घरात दिवा विझलेला मी कधी पाहिला नव्हता. आमच्या मागच्या अंगणांमध्ये एकच भिंत, माझ्या खांद्याइतकी, तिला मधे एक लोखंडी फाटक. भिंतीवरून त्यांचं निम्मं घर दिसतं. संडासात बल्ब, जिन्याखाली बल्ब, तुळशीपाशी बल्ब, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरही बल्ब. उभी हयात लाईनमन म्हणून काढलेली. ज्या माणसानं भर वादळात खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड पाडला त्यानं स्वतःच्या घरात काटकसर कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. मुलगी झाली तेव्हा नाव ठेवलं रोशनी. बारशाला कोणीतरी विचारलं, "पोरगा झाला असता तं काय ठेवलं असतं गा, ट्रान्सफार्मर?"

"अन् भर उन्हाळ्यात उडाला असता तं?" बळीरामजींनीच उलट विचारलं आणि सगळ्यांत जास्त तेच हसले.

माणूस ठेंगणा, काटक, हात मात्र एखाद्या उंच माणसाचे काढून लावल्यासारखे. स्वतःच्या कामाबद्दल ते फार बोलत नसत, पण एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकली असेल. खांबावर चढण्याआधी त्या भागाची लाईन बंद करून घ्यायची आणि स्विचला पाटी लटकवायची: लाईनवर माणूस आहे. ज्यानं पाटी लावली त्यानंच खाली उतरून, स्वतःच्या हातानं ती काढायची. तोवर साहेब येवो की मंत्री येवो, तिला कोणी शिवायचं नाही. "माणूस वर हाय का खाली हाय, हे फकत त्यालेच मालूम असते," ते म्हणायचे. रिटायर होताना असली एक कोपरे गंजलेली पत्र्याची पाटी ते घरी घेऊन आले आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मला वाटलं, हौस असेल. असते एकेकाला.

त्यांची बायको वच्छला कामठीची. माहेरी घरातच पॉवरलूम. रात्रपाळीला माग चालायचा आणि मागावरच्या बल्बचा उजेड थेट पोरांच्या अंथरुणावर. त्यामुळे तिचं गणित जगापेक्षा उलटं झालं होतं. "आवाजाचं मले काई नाई बाई, कानाशी तोफ उडवा. पण उजेड पडला का झोप मोडलीच." आणि नशिबात आला लाईनमन! तिन्हीसांजेला घरातले सगळे बल्ब लागले की ती फाटक ढकलून माझ्या मागच्या वऱ्हांड्यात यायची. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, एकटी बाई. पुस्तक मिटलं की दिवा लावायला उठायचा मला कंटाळा. आम्ही दोघी अंधारात बसायचो. ती वेताच्या खुर्चीत, मी पायरीवर. बोलणं फारसं नाही. खुर्ची तेवढी करकरायची. "तुमच्याकडे अंधार असते, बरं वाटते," एवढं म्हणायची, आणि थोड्या वेळानं, "चला, तिकडं दिवाळी लागली असन," म्हणून उठायची.

ती गेली तेव्हा मी तिथे होते. मे महिन्यातलं वादळ, संध्याकाळची वेळ, अख्ख्या लेआउटची, म्हणजे आमच्या वसाहतीची, लाईट गेलेली. त्यांच्या मधल्या खोलीत, जिला खिडकी नाही, तिथल्या पलंगावर ती छाती धरून पडली होती. गाडी बोलावली, पण सडकेवर कडुनिंब आडवा पडला होता. मी मोबाईलचा टॉर्च लावून बसले, तिचा हात धरून. गाडी पोचायच्या आत सगळं संपलं. बळीरामजींच्या नोकरीचे ते शेवटचे आठवडे. ते त्या वेळी दोन लेआउट पलीकडे खांबावर होते आणि फोन खाली गाडीच्या डिक्कीत. ते धावत आले तेव्हा घरातले सगळे बल्ब लखलखत होते. लाईट त्यांनीच आणलेली.

मग ते पीठ. आमच्या भागात जीव गेला त्या जागी दिवा ठेवतात, शेजारी पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घालतात आणि सकाळी टोपलं उचलून बघतात, पिठावर कोणाचं पाऊल उमटलं. पाखराचं, मुंगीचं, उंदराचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला जीव गेला. वच्छलाच्या वेळी टोपलं उचललं तर पीठ कोरं. कामठीहून आलेली तिची आत्या बायजाबाई खाली वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "गेली नाई वं अजून. अटकली हाय."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "बायजाबाई, कोपऱ्याकोपऱ्यात मुंग्यांची पावडर मारलेली आहे. काय उमटणार?"

कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बळीरामजी तर नाहीच. ते पिठाकडे बघत होते.

दिव्यातलं तेल संपू नये म्हणून ते जागायचे. पुढे दिव्याच्या जागी त्यांनी एक बल्ब लावला. तो दिवसा जळायचा, रात्री जळायचा.

आणखी एक गोष्ट आहे, ती इथेच सांगून मोकळी होते. त्याच उन्हाळ्यात, तिन्हीसांजेला, माझी वेताची खुर्ची करकरू लागली. तिच्यात कोणी नसताना. यात नवल नाही. वेत दिवसभराच्या उन्हानं तापतो, ऊन उतरलं की आकसतो आणि बोलतो. हे मी वर्गात समजावून सांगितलं असतं. पण पावसाळा आला, हवेला ओल आली, वेत फुगला, तरी खुर्ची त्याच वेळेला करकरायची आणि थोड्या वेळानं गप्प व्हायची. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलेला प्रश्न मी परीक्षेत काढत नसे, तोही काढला नाही. खुर्ची मात्र जागेवरून हलवली नाही.

पावसाळा संपता संपता एका रविवारी रोशनी काचेची टाकी घेऊन आली. रोशनी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. "बाबा दिवसभर त्या बल्बकडे पाहत बसून राहतात, मॅडम. काहीतरी हलणारं पाहू दे त्यांले," ती म्हणाली. सीताबर्डीच्या दुकानदारानं तिला नवशिक्याचा म्हणून अख्खा संच दिला होता: टाकी, बुडबुड्यांचा पंप, झाकणात दिवा, पोतंभर वाळू आणि गुलाबी प्लॅस्टिकची झाडं. मासे विकत घ्यायची गरजच नव्हती. नागपुरात कूलरच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून गप्पी सोडतात, ते हेडाऊंच्या कूलरमध्ये मायंदाळ झाले होते. बळीरामजींनी टाकी मांडली ती मधल्या खोलीत. पलंग काढून टाकला होता. त्याच्या उशाची बाजू होती नेमक्या त्या जागी.

मी बघायला गेले आणि माझं डोकंच फिरलं. "बळीरामजी, हे गुलाबी काय आहे? लग्नाचा मांडव आहे का?"

"झाडं हायत मॅडम."

"ही झाडं? मग मी कॉलेजात काय शिकवलं इतकी वर्षं?"

"पन इथं ऊन कुठून येईन? खोलीले खिडकीच नाई. खरं झाड मरून जाईन न."

हा प्रश्न रास्त होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. सगळ्याच झाडांना ऊन लागत नाही. जंगलात ओढ्याच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत, दगडाला धरून राहणारी झाडं असतात. उजेड कमी, म्हणून वाढ सावकाश, पण चिवट. माझ्या आंब्याखाली सिमेंटचं एक टाकं आहे, त्यात असली दोन-तीन झाडं मी पाळलेली आहेत. जावा फर्न: लांब, जाडसर पानं, मागच्या बाजूला काळे ठिपके. अनुबियास: नागवेलीच्या पानासारखं पान, पण कातड्यासारखं टणक. आणि क्रिप्टोकोरायनी, तिला मी नुसतं क्रिप्टो म्हणते. तपकिरी, लाटांसारख्या कडांची. दुसऱ्या दिवशी बादलीत घालून ती मी भिंतीवरून त्यांच्या हातात दिली. सांगितलं, नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घाला. दिवा दिवसातून सहा-सात तास पुरे. आणि पहिल्या दोन्ही झाडांचा तो आडवा जाड देठ वाळूत पुरू नका, कुजेल.

त्यांनी पुरला. तुळस लावतो तशी माती, म्हणजे वाळू, दाबून दाबून. आठवड्याभरात फर्नचा देठ काळा, मऊ पडला.

"तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"उघडं मूळ पाहून जीव राहत नाई मॅडम. वाटते झाकून द्यावं."

मी दुसरं रोप दिलं आणि दगडाला बांधायला सांगितलं. दोरा त्यांनी वच्छलाच्या शिवणाच्या डब्यातून काढला, कामठीच्या मागावरचा सुती दोरा. तारा बांधणारे ते हात, गाठ अशी बसली की पुढे दोरा कुजून गेला तेव्हा मुळांनी दगड कधीच पकडलेला होता. क्रिप्टोची पानं मात्र जागा बदलल्याबरोबर वितळून गेली. बळीरामजी भिंतीपाशी येऊन उभे राहिले, चेहरा उतरलेला. "गेली ते बी."

"गेली नाही. तिची खोडच आहे ती. हलवलं की सगळी पानं टाकून देते आणि मुळात दडून बसते. उपटू नका. हात लावू नका. येईल परत."

"परत येते?" त्यांनी ज्या तऱ्हेनं विचारलं ते मला आवडलं नाही.

"झाडाबद्दल बोलते आहे मी," म्हटलं आणि आत गेले.

क्रिप्टोला नवी पानं आली. पहिल्यांदा सुईच्या टोकाएवढी. टाकीचा दिवा मात्र बळीरामजी बंद करत नव्हते. सहा तास सांगितलं, आठ सांगितलं, ते मान डोलवायचे आणि दिवा अहोरात्र चालू. आधीचा बल्ब त्यांनी काढला होता. आता हाच वच्छलाचा दिवा, हे मला उशिरा कळलं.

मग दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी वीज गेली ती पार सकाळी आली. सकाळी मी अंगणात दात घासत होते तर भिंतीवरून हाक: "मॅडम! मॅडम, लवकर या!" मला वाटलं शॉक लागला कोणाला. तोंड पुसत गेले. बळीरामजी टाकीपुढे उकिडवे बसले होते.

वाळूवर खुणा होत्या. सपाट पांढऱ्या वाळूवर बोटानं ओढावी तशी एक रेघ, क्रिप्टोच्या बुडाशी सुरू झालेली, फर्नच्या दगडाला वळसा घालून काचेपर्यंत आलेली. काचेपाशी, आतल्या बाजूनं, थांबलेली. तिच्या शेजारी आणखी एक, बारीक.

"उमटलं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

मी चष्मा लावला, वाकले. मला ठाऊकच होतं. "गोगलगायी आहेत त्या. माझ्या टाक्यातल्या, झाडांबरोबर आल्या. शंखासारख्या, निमुळत्या. दिवसभर वाळूत गाडून घेतात, अंधार झाला की निघतात. काल वीज गेली म्हणून निघाल्या. थांबा, दाखवते." मी चमच्यानं वाळू उकरून एक काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी.

त्यांनी ती नीट पाहिली. उलटीसुलटी केली. आणि परत पाण्यात सोडली, सावकाश, दुखेल की काय अशी.

"असन," ते म्हणाले. "गोगलगायच असन. पन मॅडम, पिठावर बी मुंगीचाच पाय उमटते. सगळ्यायले मालूम असते का मुंगी हाय म्हनून. मुंगीच असते ते. गोष्ट ते नाई. गोष्ट हे का ते आली. आमच्या पिठावर मुंगी बी आली नव्हती."

 मी चमचा पुसला आणि म्हटलं, "चहा टाका."

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. एका माणसाला वाळूवरच्या रेघेत समाधान मिळत असेल तर माझं काय जातं? पण बळीरामजींनी त्या रेघेचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावला. वच्छला आली ती अंधार झाला तेव्हा आली. म्हणजे अंधारात घाबरून, चाचपडत, काचेपर्यंत आली. म्हणजे पुन्हा अंधार होता कामा नये. त्यांनी टाकीला इन्व्हर्टर लावला. झाकणातला दिवा काढून लग्नाच्या लॉनवर लावतात तसला झगझगीत एलईडी वर बसवला. मधल्या खोलीत शिरलं की डोळे दिपायचे. आणि खुणा बंद झाल्या. एक नाही की अर्धी नाही. रोज सकाळी ते उकिडवे बसून वाळू बघायचे. वाळू कोरी.

"आणखीन पावर वाढवून पाहू का?" ते मला विचारायचे.

"कमी करा! किती वेळा सांगू? झाडं कमी उजेडाची आहेत. जास्त उजेड दिलात तर त्यांना तो खाता येत नाही, तो शेवाळ खातं. माशांना तर पापण्यासुद्धा नाहीत. त्यांनी झोपायचं कधी?"

ऐकून घ्यायचे. करायचे नाहीत. थंडी संपेपर्यंत पाणी मुगाच्या सालीसारखं हिरवं झालं. अनुबियासच्या पानांवर काळी लव चढली, फर्न केसाळ झाली, क्रिप्टो दिसेनाशीच झाली. गप्पी एकेक करून कूस पालटू लागले. ते मेलेला मासा चाळणीनं काढायचे आणि तुळशीपाशी पुरायचे. स्वतः जेवत नव्हते. दाढी वाढलेली. हिरव्या पाण्याला डोळा लावून बसायचे, वाळू दिसते का बघत. त्या खोलीत मला बसवत नसे. इतका उजेड, आणि तरी आपल्यामागे कोणीतरी उभं राहून डोळ्यांवर हात धरून आहे असं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रोशनी आली आणि टाकी पाहून भिंतीपाशीच आली. "मॅडम, काय करू मी? बाबाले काही म्हटलं तं म्हणतात, आई पाण्यात हाय. मी लॅबमध्ये काम करते, लोकांना रिपोर्ट देते, अन् माझा बाप म्हणते आई पाण्यात हाय! पुढच्या रविवारी मी मिस्टरांले घेऊन येते अन् टाकी उचलून नेते. फेकून देते. मग बसा म्हणा."

"मग ते मरतील," मी म्हटलं. मला आडपडदा ठेवता येत नाही.

"तं तुम्ही बोला न त्यांच्याशी! तुमचं ऐकतात."

माझं कोणी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. टाकीपुढे स्टूल ओढलं. पाण्याच्या वर तोंड काढून तीन मासे हवा पीत होते.

"बळीरामजी, पुढच्या रविवारी रोशनी ही टाकी नेणार आहे. त्याच्या आत हा दिवा बंद करायचा. आज."

"नाई जमत मॅडम."

"काहून नाई जमत?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

 ते टाकीकडे तोंड करूनच म्हणाले, "मी तिकडं गावाले लाईट देऊन राह्यलो होतो. अन् माह्या घरात, ह्या जागी, ते अंधारात गेली. लाईनमनची बायको. किती भेली असन. डोळे फाडून पाह्यत असन, का लाईट येते, आता येते. मले हाक मारली असन. तुम्ही होत्या न इथं? मले कधी कोनाले विचारायचा धीर नाई झाला. आता दिवा बंद केला तं पुन्हा तेच केलं मी."

तेव्हा मला समजलं की हा माणूस इतके महिने कशापुढे बसला आहे. आणि रागच आला. त्यांचा नाही, सगळ्याचाच.

"विचारायचं होतंत," मी म्हटलं. "मी भिंतीपलीकडे राहते, लंडनला नाही. ऐका. मी टॉर्च लावला होता. ती काय म्हणाली माहीत आहे? 'बंद करा ते बाई, डोळ्यावर येते.' मी बंद केला. मग म्हणाली, 'लाईट गेली नं?' मी म्हटलं, हो, सगळ्या लेआउटची गेली. म्हणाली, 'बरं झालं. आता निजते.' आणि माझा हात उशाखाली घेतला. एवढंच. हाक मारली नाही. घाबरली नाही."

त्यांनी मान वळवली. "'बरं झालं' म्हनली?"

"हो. तिला उजेड सोसत नव्हता, बळीरामजी. कधीच नाही. रोज तिन्हीसांजेला माझ्याकडे कशाला यायची ती? गप्पा मारायला? माझ्याशी कोण गप्पा मारतं? अंधारात बसायला यायची. कामठीला लहानपणभर डोळ्यांवर बल्ब, आणि इथे तुम्ही."

"मले तं कधी बोलली नाई."

"काय बोलणार? लाईनमनच्या बायकोनं म्हणायचं का, मला अंधार द्या?"

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसले की काय ते मला सांगता येणार नाही. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, उठले आणि दाराजवळ असलेल्या टाकीच्या स्विचपाशी गेले. हात वर गेला आणि तिथेच राहिला. तो हात आयुष्यभर दिवे लावण्यातच गेलेला. मी पुढे झाले नाही. शेवटी ते म्हणाले, "थांबा," आणि बाहेर गेले. आले ते ती गंजकी पाटी घेऊन. आधी त्यांनी इन्व्हर्टरची वायर काढली. मग खट्‌कन दिवा बंद केला आणि त्याच क्षणी, हात न थांबू देता, पाटी स्विचला अडकवली. लाईनवर माणूस आहे.

"आता कोनी लावनार नाई," ते म्हणाले.

मी पाणी कसं बदलायचं ते सांगितलं: रोज थोडंथोडं, एकदम नाही, पंप चालू ठेवायचा, पानांवरचं शेवाळ बोटानं पुसायचं. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे. खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड होता. हिरवं पाणी आता काळं दिसत होतं, आणि त्याच्याकडे बघताना पहिल्यांदाच डोळे दुखत नव्हते.

घरी येऊन मी नेहमीसारखी वऱ्हांड्याच्या पायरीवर बसले. तिन्हीसांज झाली. पाखरं आंब्यात शिरली, गोंगाट करून गप्प झाली. पलीकडे हेडाऊंच्या तुळशीपाशी बल्ब लागला, जिन्याखाली लागला. मधली खोली काळी. आणि खुर्ची करकरली नाही. मी वाट पाहिली, हे लपवण्यात अर्थ नाही. अंधार पुरता पडला तरी नाही. मी स्वतः उठून तिच्यात बसून पाहिलं. करकरली, माझ्या वजनानं. उठले, गप्प. त्यानंतर ती कधीच आपणहून बोलली नाही. आता तिथे मी पुस्तकं ठेवते.

सकाळी भिंतीवरून हाक आली नाही. म्हणून मीच गेले. बळीरामजी टाकीपुढे पाय पसरून, भिंतीला टेकून झोपले होते. पाणी अजून गढूळच होतं, पण काचेला नाक लावलं की वाळू दिसत होती. खुणा होत्या. एक-दोन नव्हेत, सगळी वाळू रेघांनी भरून गेली होती, बंद घरात बऱ्याच दिवसांनी कोणी मनसोक्त फिरून घ्यावं तशी. मी त्यांना उठवलं नाही.

टाकीचा दिवा आता सकाळी चहानंतर लागतो आणि दुपारी जेवणाआधी बंद होतो. लावतात तेच, पाटी काढून. बंद करतात तेच, पाटी लावून. पाणी निवळलं. फर्नला पानांच्या टोकांवर पिल्लं आली आहेत, ती मी माझ्या टाक्यासाठी परत मागितली तर म्हणाले, "पाहू." क्रिप्टो काचेला टेकली आहे.

रोशनी ठरल्याप्रमाणे त्या रविवारी आली होती, नवरा बाहेर गाडीत. टाकी न्यायला. येईपर्यंत दिवेलागणीची वेळ झाली. मी तिथेच होते. मधल्या खोलीत आम्ही दोघं, बळीरामजी स्टुलावर, मी खाली चटईवर. ती दारातच थबकली.

"बाबा? अंधारात काहून बसले? काही दिसून नाही राहिलं. लाईट लावू?" तिनं चाचपडत स्विचकडे हात नेला.

"ए वं, हात नको लावू." बळीरामजींचा आवाज कडक, ड्युटीवरचा. "लाईनवर मानूस हाय."

रोशनीचा हात हवेत राहिला. ती माझ्याकडे वळली; मी तिला दिसत नसणार. "मॅडम, तुम्ही सांगा न काहीतरी."

"पाटी आहे तिथे," मी म्हटलं. "बस जरा. माझ्या बाजूला जागा आहे."

ती बसली. चिडलेली होती, पण बसली. पंपाचे बुडबुडे वाजत होते. बाहेर तिच्या नवऱ्यानं एकदा हॉर्न दिला आणि मग दिला नाही. हळूहळू तिचा श्वास संथ झाला, बापाचा आधीच झालेला होता. 

टाकीच्या बाजूनं, पलंगाच्या जागेकडून, वेत करकरला. एकदा, आणि मग कोणी नीट रेलून बसावं तसा पुन्हा एकदा.

हेडाऊंच्या घरात वेताचं काहीही नाही.

रोशनीनं माझं मनगट धरलं. थोड्या वेळानं म्हणाली, "पंप असन टाकीचा."

"असन," मी म्हटलं.